टीव्हीवरचं चित्र ताणलेलं, कापलेलं की बरोबर? इंदूरच्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, हळदीकुंकवाला किंवा गणपतीच्या आरतीनंतर चहाचे कप फिरायला लागले की कुणीतरी टीव्हीकडे बोट दाखवून विचारतंच, "हे असं का दिसतंय हो?" त्याच प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सेटटॉप बॉक्सवर टीव्ही बघणाऱ्यांना ती उपयोगी पडतील आणि लॅपटॉपवर व्हीएलसी किंवा कोडीसारखं व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही. माझा आग्रह एकच आहे: चित्राचा आकार एकाच ठिकाणी ठरावा. बॉक्स, टीव्ही आणि सॉफ्टवेअर तिघेही आपापल्या परीने चित्र "नीट" करायला लागले की चेहऱ्यांची वाट लागते.

बातम्या सांगणारी मुलगी बरोबर दिसते, पण जुन्या मालिकेतली माणसं बुटकी आणि जाड का दिसतात?

जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ होता, म्हणजे रुंदी ४ भाग तर उंची ३ भाग. आजचा पडदा १६:९ आहे. ४:३ चित्र ताणून पूर्ण पडदा भरला की ते आडवं सुमारे ३३ टक्के रुंद होतं आणि उंची तेवढीच राहते. माणूस एक-तृतीयांश जाड झाल्यावर कितीही देखणा असला तरी विचित्रच दिसणार.

४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो. त्यावर ४:३ चित्र खऱ्या आकारात लावलं तर ते अठ्ठावीस इंच रुंद दिसेल आणि दोन्ही बाजूंना पावणेपाच इंचांच्या काळ्या पट्ट्या उरतील. तुमच्या टीव्हीवर अशा पट्ट्या दिसत असतील तर सगळं ठीक आहे.

पण पट्ट्या म्हणजे पैसे देऊन घेतलेला पडदा वाया गेला, नाही का?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पट्ट्या कधीच दिसू नयेत असा एकही पडदा बनवता येत नाही, कारण चित्रं एका आकारात काढलेलीच नाहीत. जुने कृष्णधवल बोलपट उंचीच्या साधारण १.३७ पट रुंद असतात. १९५३ साली सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आली, मग २.३५ आणि पुढे २.३९ पट रुंद चित्रपट येऊ लागले. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संघटनेत कर्न्स पॉवर्स यांनी या सगळ्या आकारांचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले आणि त्यातून १६:९ पुढे आलं. ४:३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर १.७७ येतं, आणि १६ भागिले ९ म्हणजे १.७८. हा पडदा मुळातच तडजोडीचा आहे. अरुंद चित्राला बाजूला पट्ट्या येतात आणि फार रुंद चित्राला वर-खाली, पण कुठल्याच चित्राला फार मोठ्या येत नाहीत.

आजोबांचा फोटो फ्रेममध्ये बसत नाही म्हणून आपण त्यांचा फेटा कापत नाही. बाजूने कोरा कागद सोडतो. टीव्हीवरची काळी पट्टी म्हणजे तोच कोरा कागद. छायाचित्रकाराने चौकटीच्या कडेला कुणाला उभं केलं, डोक्यावर किती जागा सोडली, यात त्याची मेहनत असते. ती कापायचा अधिकार रिमोटच्या एका बटणाला असू नये असं मला मनापासून वाटतं.

चित्र नक्की कोण बिघडवतंय हे कसं ओळखायचं?

पडद्यावर गोल वस्तू शोधा. वाहिनीचा गोल लोगो, भिंतीवरचं घड्याळ, समोरून दाखवलेलं चाक, काहीही चालेल. शिवणाची टेप घ्या आणि तिची रुंदी नि उंची मोजा.

रामबागेतल्या एका काकूंच्या घरी आम्ही असंच मोजलं. कोपऱ्यातला गोल लोगो ६.४ सेंटिमीटर रुंद आणि ४.८ सेंटिमीटर उंच निघाला. भागाकार १.३३. हा आकडा दिसला की समजायचं, कुणीतरी ४:३ चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार ४:३ ठेवलेला होता, कारण बॉक्स जुन्या डब्बा टीव्हीबरोबर बसवला होता. नंतर नवा टीव्ही आला, पण ते सेटिंग कुणी बदललं नाही. बॉक्स चित्र अरुंद करून पाठवायचा आणि टीव्ही ते ताणून भरायचा. बॉक्सला १६:९ सांगितलं आणि टीव्हीला काहीही ताणू नकोस म्हणून सांगितलं. परत मोजलं तर लोगो दोन्हीकडून ४.८ भरला. काकूंनी स्वतः टेप धरली होती, त्यामुळे त्यांना पटवून द्यावं लागलं नाही.

तपासायचा क्रम हाच ठेवा: आधी बॉक्स, मग टीव्ही, शेवटी सॉफ्टवेअर. बॉक्समध्ये पडदा १६:९ आणि टीव्ही घेऊ शकत असेल ते सर्वांत जास्त रेझोल्यूशन. टीव्हीत "आहे तसं दाखव" हा मोड. हे दोन पक्के झाल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावू नका. भागाकार १ आला तर ताण नाही. १.३३ आला तर आडवं ताणलंय. ०.७५ आला, म्हणजे माणसं उंच आणि काटकुळी दिसत असतील, तर उलटं झालंय: १६:९ चित्र ४:३ मध्ये कोंबलंय.

टीव्हीत "आहे तसं दाखव" हा मोड कुठे असतो?

चित्राच्या सेटिंगमध्ये, पिक्चर साइझ, अ‍ॅस्पेक्ट रेशो किंवा वाइड मोड अशा नावाखाली. सॅमसंगमध्ये १६:९ निवडून "फिट टू स्क्रीन" किंवा "स्क्रीन फिट" चालू करा. एलजीमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "ओरिजिनल" शोधा. सोनीत वाइड मोड "फुल" आणि डिस्प्ले एरिया "फुल पिक्सेल". सोनीचाच "वाइड झूम" मधला भाग फुगवून कडा जास्त ताणतो, त्यामुळे कॅमेरा सरकला की माणूस चालता चालता जाड होतो. तो बंद ठेवा.

ही सेटिंग बहुतेक टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय खोबणीला वेगळी असते. बॉक्ससाठी केलं म्हणजे लॅपटॉपसाठी झालं असं समजू नका.

लॅपटॉप टीव्हीला जोडला की खालची टास्कबार अर्धी कापली जाते.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. काचेच्या नळीच्या टीव्हीत कडेचं चित्र वाकडं-थरथरतं यायचं, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवत. नळ्या गेल्या, सवय राहिली. अनेक नवे टीव्ही अजूनही चित्र काही टक्के फुगवून कडा कापतात. वर सांगितलेला "जस्ट स्कॅन", "फिट टू स्क्रीन" किंवा "फुल पिक्सेल" लावला की टास्कबार पूर्ण दिसेल. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र लहान करूनही बसवता येतं, पण मग टीव्ही फुगवणार आणि लॅपटॉप आक्रसवणार. अक्षरं पुसट होतात. दुखणं टीव्हीत आहे, औषधही तिथेच द्या.

व्हीएलसीमध्ये आकार कसा बदलू?

कीबोर्डावर इंग्रजी 'ए' दाबा. प्रत्येक दाबण्याला आकार बदलतो: १६:९, ४:३, १:१, १६:१० असं करत पुन्हा डीफॉल्टवर. 'सी' दाबलं की क्रॉप, म्हणजे कापणं. पहिल्याने चित्र ताणलं किंवा दाबलं जातं, पण सगळं चित्र राहतं. दुसऱ्याने आकार खरा राहतो, पण कडेचा भाग जातो. हा फरक कळला की निम्मा गोंधळ संपतो.

'झेड' म्हणजे झूम, तोही लक्षात ठेवा, पण तो मुख्यतः खिडकीचा आकार अर्धा, मूळ किंवा दुप्पट करण्यासाठी आहे. पूर्ण पडद्यावर बघताना 'ए' आणि 'सी' हीच कामाची अक्षरं.

नेमकं कापायचं असेल तर कंट्रोल आणि 'ई' एकत्र दाबा, व्हिडिओ इफेक्ट्समध्ये क्रॉपचं पान उघडा. वरून किती, खालून किती पिक्सेल कापायचे ते आकड्यांत सांगता येतं.

प्रत्येक वेळी 'ए' दाबायचा कंटाळा येतो. कायमचं करता येईल?

येईल, पण करू नका. प्रेफरन्सेसमध्ये सगळी सेटिंग्ज उघडली की व्हिडिओखाली मूळ अ‍ॅस्पेक्ट रेशो भरायची जागा आहे. तिथे ४:३ लिहिलं तर प्रत्येक फाइल ४:३ होईल, कालच काढलेला एचडी व्हिडिओसुद्धा. त्याच पानावर क्रॉपच्या यादीत स्वतःचे आकार घालायची सोय आहे, ती मात्र चांगली. १४:९ तिथे घालून ठेवा, पुढे लागेल.

कोडीमध्ये एवढे मोड आहेत, कोणता ठेवू?

नॉर्मल. बाकी सगळे गरजेपुरते.

चित्र चालू असताना व्हिडिओ सेटिंग्ज उघडा, तिथे व्ह्यू मोड आहे. कीबोर्ड असेल तर 'झेड' दाबून मोड एकामागून एक बघता येतात. त्याखाली झूमचं प्रमाण, उभं सरकवणं आणि पिक्सेल रेशो अशा सरकवायच्या पट्ट्या आहेत. शेवटी "सगळ्यांसाठी डीफॉल्ट करा" अशा अर्थाचं बटण आहे. एखाद्या फाइलसाठी झूम केला असेल तेव्हा चुकून ते दाबू नका.

कोडीतली मला फार आवडणारी सोय म्हणजे काळ्या पट्ट्या कमी करण्याचं सेटिंग. प्लेअरच्या व्हिडिओ विभागात आकारात किती टक्के चूक चालेल ते सांगता येतं. १.८५ पट रुंद चित्रपट १६:९ वर लावला तर वर-खाली बोटभर पट्टी येते. फरक जेमतेम ४ टक्के. तेवढी मुभा दिली की पडदा भरतो आणि चेहऱ्यात काही कळतही नाही. ४:३ मात्र ताणलं जात नाही, कारण तिथे फरक ३३ टक्के आहे. स्वभावाने शिस्तीचं सेटिंग आहे.

२०१६ साली दूरदर्शनने १६ शहरांत मोबाइलसाठी डीव्हीबी-टी२, म्हणजे अँटेनावर येणारं डिजिटल प्रसारण सुरू केलं, त्यात इंदूर होतं. तेव्हा घेतलेले यूएसबी ट्यूनर काही घरांत पडून आहेत. त्यावर केलेली रेकॉर्डिंग असतील तर तीही कोडीत याच नियमांनी लावायची.

चित्राच्या चारही बाजूंनी काळं दिसतं, मध्ये टपाल तिकिटाएवढं चित्र. तेव्हाही झूम नको?

इथे झूम हवाच! रुंद चित्रपट आधी ४:३ चौकटीत वर-खाली पट्ट्या घालून बसवला गेला आणि मग ती चौकट १६:९ पडद्यावर बाजूला पट्ट्या घालून. दोनदा पट्ट्या. चित्र आतलं मूळचं रुंदच आहे, म्हणून टीव्हीचा झूम किंवा व्हीएलसीत 'सी' दाबून १६:९ क्रॉप केलं तर फक्त काळं कापलं जातं.

चित्र जरा मऊ दिसेल. साध्या, एचडी नसलेल्या प्रसारणात ५७६ ओळी असतात, त्यातल्या पट्ट्या वजा जाता चित्राला ४३२ च उरतात. टीव्हीचा दोष नाही.

दूरदर्शनच्या जुन्या मालिका काही वाहिन्यांवर पडदाभर येतात. त्यांनी ते कसं केलं?

आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आलं आणि त्या दशकातल्या सगळ्या मालिका ४:३ मध्येच चित्रित झाल्या. त्या पडदाभर दिसत असतील तर दोनच शक्यता. ताणल्या असतील तर तुम्ही लॅपटॉपवर 'ए' दाबून ४:३ करून आकार परत मिळवू शकता. काही हरवलेलं नसतं. कापल्या असतील तर वरून आणि खालून मिळून पाव चित्र गेलेलं असतं, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मुकुटाचं टोक सतत पडद्याच्या वर जातंय, समईची ज्योत दिसते पण समई नाही, असं वाटलं तर कापलंय हे नक्की. अशा वेळी मूळ ४:३ प्रत कुठे उपलब्ध असेल तर तीच बघावी.

क्रिकेटला झूम लावला की स्कोअर जातो.

जाणारच. ४:३ ला झूम केला की वरून साडेबारा टक्के आणि खालून साडेबारा टक्के जातात, आणि स्कोअरची पट्टी नेमकी खालच्या भागात असते. एचडी वाहिनी तर मुळातच १६:९ असते, तिला झूम लावला की चारही बाजू जातात. ८ डिसेंबर २०११ ला आपल्या होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ काढल्या. त्या डावाचं चित्रण बघताना आकडा २०० वर सरकताना दिसायलाच हवा ना! सामन्याला झूम बंद, एवढंच.

मुंजीची जुनी कॅसेट डिजिटल करून आणली. सगळे बारीक दिसतात आणि खाली एक पट्टी थरथरते.

हा प्रश्न आला की मी नेहमी जास्त वेळ देतो. त्या फितीत आता नसलेली माणसं असतात, आणि ती जशी होती तशी दिसली पाहिजेत.

आपल्या व्हिडिओ कॅसेटी पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या. डिजिटल केल्यावर चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं होतं. पण हे पिक्सेल चौकोनी धरायचे नसतात. चित्र दाखवताना ४:३ करायचं असतं. फाइलमध्ये तशी खूण नसली की सॉफ्टवेअर ७२० भागिले ५७६, म्हणजे १.२५ एवढंच रुंद दाखवतं आणि माणसं सहा टक्के बारीक होतात. व्हीएलसीत 'ए' दाबून ४:३ करा, मुंजा पुन्हा गुटगुटीत दिसेल.

कायमचं करायला एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइल आत घ्या, व्हिडिओची ओळ निवडा, अ‍ॅस्पेक्ट रेशोच्या जागी ४/३ लिहा आणि नवी फाइल बनवा. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो. फक्त खूण बसते. टीव्हीच्या यूएसबी खोबणीत काही प्लेअर ही खूण वाचत नाहीत, तेव्हा लॅपटॉपवरूनच लावा. आणि मूळ फाइल पुसू नका.

खालची थरथरणारी पट्टी कॅसेटमध्ये पहिल्यापासून होती. व्हीसीआरचं फीत वाचणारं एक हेड थांबून दुसरं सुरू होतं तिथे ती उमटते. नळीच्या टीव्हीत ओव्हरस्कॅनमुळे ती चौकटीमागे लपायची, म्हणून १९९० च्या सुमारास कुणाला दिसली नाही. क्रॉपच्या पानावर खालून दहा-बारा पिक्सेल कापा. मागे सनईवाले बसलेले असतील तर त्यांचे पाय कापले जाणार नाहीत इतकंच बघा.

कुणी डिजिटल करून आणलेली फाइलच १६:९ ताणलेली असेल तर तीही 'ए' दाबून ४:३ करता येते. पुढच्या वेळी कॅसेट देताना आधीच सांगा: ४:३ ठेवा, ताणू नका, कापू नका.

सबटायटल अर्धी कापली जातात.

ती वेगळ्या फाइलमध्ये असतील तर सॉफ्टवेअरमध्ये वर सरकवता येतात. चित्रावरच छापलेली असतील तर झूम कमी करा, किंवा कोडीत उभं सरकवण्याच्या पट्टीने चित्र थोडं वर घ्या. वरची काळी पट्टी कापली गेली तर काही बिघडत नाही.

आजींना दिसायला त्रास होतो. त्यांना मोठंच चित्र हवं.

मग त्यांच्यासाठी आकाराचा आग्रह थोडा सैल करावा, पण ताणू नये. ताणलेला चेहरा मोठा दिसत नाही, ओळखायला अवघड होतो. खुर्ची टीव्हीच्या जवळ घ्या. याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच बटणाने पडत नाही. तरीही पुरेना तर १४:९ वापरा. ब्रिटनमध्ये ४:३ कडून १६:९ कडे जाताना वाहिन्यांनी हाच मधला आकार काही वर्षं वापरला होता. यात ४:३ चित्राची उंची फक्त १४ टक्के कापली जाते, चित्र मोठं होतं आणि चेहरे खरे राहतात. कोडीत झूमचं प्रमाण १.१७ च्या आसपास ठेवून बघा आणि आजींनाच विचारा. नाटकाचं रेकॉर्डिंग असेल तर मात्र झूम नको: कॅमेरा एका जागी असतो आणि विंगेजवळ उभा असलेला नट पहिल्यांदा कापला जातो.

नातीने पुण्याहून पाठवलेला उभा व्हिडिओ टीव्हीवर चिंचोळा दिसतो.

९:१६ चित्र १६:९ पडद्याच्या रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग व्यापतं. झूम केलात तर नातीचं कपाळ किंवा हनुवटी जाईल. उभा व्हिडिओ फोनवरच बघा, आणि पुढच्या वेळी तिला फोन आडवा धरायला सांगा. आडवा धरूनही चित्र कलंडलेलं आलं असेल तर व्हीएलसीच्या व्हिडिओ इफेक्ट्समध्ये जॉमेट्रीच्या पानावर ते फिरवता येतं.

फोनवर दोन बोटं फाकवली की चित्र पडदाभर होतं. ते ठीक आहे का?

आजचे बरेच फोन २०:९ च्या आसपास आहेत, म्हणजे टीव्हीहूनही लांबट. दोन बोटांनी १६:९ चित्र भरलं की वर-खाली मिळून उंचीचा सुमारे पाचवा भाग जातो. गाणं ऐकताना चालेल. सामना किंवा शिकवणीचा व्हिडिओ असेल तर बोटं परत मिटवा.

काळ्या पट्ट्यांमुळे टीव्ही खराब होतो का?

साध्या एलईडी टीव्हीत नाही. ओएलईडी टीव्हीत रोज तासन्‌तास फक्त ४:३ बघितलं तर मधला भाग कडांपेक्षा जास्त वापरला जातो आणि कालांतराने फरक दिसू शकतो. अधूनमधून पडदाभर चित्र बघत राहा. त्यासाठी ताणायची गरज नाही.

महाराणी रोडवर नवा टीव्ही घ्यायला जातोय. दुकानात काय तपासू?

पेनड्राइव्हवर एक ४:३ फाइल आणि एक १६:९ फाइल घेऊन जा, दोन्हींत कुठेतरी गोल वस्तू असू द्या. दुकानातला डेमो व्हिडिओ नेहमी पडदाभरच असतो, त्यातून काही कळत नाही. ४:३ फाइल लावल्यावर बाजूला पट्ट्या येतात का ते बघा. मग विक्रेत्याला एचडीएमआयवर "जस्ट स्कॅन" किंवा त्या कंपनीत जे नाव असेल तो मोड दाखवायला सांगा, आणि तो प्रत्येक खोबणीला वेगळा ठेवता येतो का ते विचारा. रिमोटवर पिक्चर साइझचं सरळ बटण असेल तर घरातल्या ज्येष्ठांची मोठी सोय होते. मेन्यूच्या चौथ्या पायरीवर लपलेलं असेल तर घरी आल्यावर तो रस्ता कागदावर लिहून रिमोटजवळ ठेवा.